सगळं गणित कॉम्प्युटरच करतो ना, मग तुम्ही काय करता?

हा प्रश्न मला लग्नकार्यात नातेवाईक विचारतात आणि नवे विद्यार्थीही विचारतात. पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचं वागणं कॉम्प्युटरवर गणिताने काढणं हा माझा विषय. प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते.

पदार्थातले इलेक्ट्रॉन कसे वागतात ते सांगणारं समीकरण श्रोडिंगरने 1926 मध्येच मांडलं. अडतं ते सोडवताना. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत असतात, त्यामुळे एकाचा हिशेब बाकीच्यांना वगळून होत नाही. वर किंवा खाली एवढ्या दोनच दिशा असलेले नुसते 50 स्पिन (इलेक्ट्रॉनचे जणू छोटे चुंबक) घेतले, तरी त्यांची अवस्था पूर्ण लिहायला 2 चा 50 वा घात, म्हणजे एकावर पंधरा शून्यांहून जास्त आकडे लागतात. 300 स्पिन घेतले तर दिसणाऱ्या विश्वातले अणूही मोजायला कमी पडतील. तेव्हा काहीतरी सोडून द्यावंच लागतं. काय सोडायचं आणि सोडल्यावर उत्तरावर कितपत विश्वास ठेवायचा, हे ठरवणं माझं काम.

1964 मध्ये होहेनबर्ग आणि कोन यांनी दाखवलं, की किमान ऊर्जेच्या अवस्थेसाठी इलेक्ट्रॉनांची घनता कळली तरी पुरे. पुढच्याच वर्षी कोन आणि शॅम यांनी ते प्रत्यक्ष गणितात बसवलं. कोन यांना 1998 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते या घनता-सिद्धांतासाठी. मात्र त्याच्या समीकरणातलं एक पद नेमकं कोणालाच माहीत नाही, त्याचा अंदाज घ्यावा लागतो.

सिलिकॉनचंच बघा. इनपुट फाइलमध्ये दोन अणू द्यायचे. साध्या लॅपटॉपवरही गणित चटकन उरकतं. अणूंमधलं अंतर एखाद्या टक्क्याच्या फरकाने बरोबर येतं, पण बँड गॅप, म्हणजे वीज वाहण्यासाठी इलेक्ट्रॉनला ओलांडावं लागणारं ऊर्जेचं अंतर, येतो अर्धा इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं एकक) किंवा थोडा जास्त. प्रयोगात तो 1.1 च्या आसपास असतो. ही चूक निदान सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर महागड्या पद्धतींचा इलाजही आहे.

कोबाल्ट ऑक्साइड जास्त फसवं. साध्या अंदाजाने ते धातू ठरतं, प्रत्यक्षात ते विद्युतरोधक आहे. कोबाल्टच्या डी-कक्षांतले (अणूतल्या एका प्रकारच्या कक्षांतले) इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके टाळतात, की आपापला अणू सोडत नाहीत. ही ओढाताण साध्या अंदाजात नीट उतरत नाही. तरीही गणित व्यवस्थित कन्व्हर्ज होतं, म्हणजे उत्तर एका जागी स्थिरावतं, प्रोग्रॅम एकही एरर न देता संपतो आणि आलेख छापण्याजोगा दिसतो. चुकलंय हे ओळखायला पदार्थाची जाण असलेलं माणूसच लागतं.

उपाय म्हणून हबर्ड या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाचा U वापरतात, म्हणजे एकाच अणूवरच्या इलेक्ट्रॉनांच्या रेटारेटीची किंमत. प्रयोगातला गॅप जुळेपर्यंत U वाढवत नेणारे लोक आहेत आणि ते मला मुळीच पटत नाही. मग पदार्थाबद्दल नवं काय कळलं? U त्याच पदार्थाच्या गणितातून काढता येतो. वेळ जास्त लागतो, पण तो द्यावा.

क्वांटम कॉम्प्युटर आले की हे सगळं सुटेल का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. निसर्ग क्वांटम आहे, तर त्याची नक्कलही क्वांटम यंत्रावर करावी, असं भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांनी 1981 मध्येच सुचवलं होतं. मला त्या दिशेची मनापासून आशा आहे. पण आजच्या क्युबिटांमध्ये, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरच्या मूळ घटकांमध्ये, चुका फार होतात आणि कोबाल्ट ऑक्साइडचं माझं रोजचं गणित त्यांच्यावर अजून चालत नाही.

त्यामुळे विद्यार्थी आलेख घेऊन आला, की मी आधी त्याची फाइल उघडायला लावते. के-पॉइंट (गणित ज्या बिंदूंवर नमुने घेतं ते) दाट केले तर गॅप हलतो का, कटऑफ (गणितात किती बारकावे धरायचे त्याची मर्यादा) वाढवून पाहिला का, चुंबकीय मांडणी कोणती धरली, आणि U कुठून आणला, एवढं विचारून झालं की मग आलेख बघते.