वहीतला चौथा रकाना

तीन वर्षांत दोन नोकऱ्या सोडल्या आणि दोन्ही वेळा ‘मला आधीच शंका आली होती’ असं सांगत फिरलो. शंका-बिंका काही आली नव्हती. हे कळलं ते एका जुन्या मेलमुळे. दुसरी नोकरी घेतली त्या रात्री मित्राला लिहिलं होतं, ‘सुटलो एकदाचा! तिकडे काम काय असेल ते बघू.’ आणि नंतर वर्षभर मी नव्या साहेबांच्या नावाने बोटं मोडत होतो. त्यांनी काही लपवलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं. म्हणजे ‘माणसांवर विश्वास टाकू नये’ हा धडा मी घेतला, तोच मुळात चुकीचा.

‘आधीच कळलं होतं’ म्हणण्याच्या या सवयीवर संशोधन झालंय, हे पुढे वाचनात आलं. १९७२ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीन आणि सोव्हिएत दौऱ्यांआधी संशोधक बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी विद्यार्थ्यांकडून काय घडेल याचे अंदाज आकड्यांत घेतले. दौऱ्यांनंतर तेच आकडे आठवायला सांगितले, तर जे घडलं त्याला आपण मुळातच जास्त शक्यता दिली होती, असं बहुतेकांना वाटू लागलं होतं.

मग वही घातली. चार रकाने: काय ठरवलं, का, खात्री किती टक्के आणि मन कसं आहे. सुरुवातीचे दोन महिने वायाच गेले, कारण परिणाम दिसल्यावर लिहायचो. तेव्हा सगळे अंदाज बरोबरच येणार! नंतर आधी लिहायला लागलो आणि सहा महिन्यांनी उघडून बघितलं. चौथा रकाना मी उगाच म्हणून घातला होता. फसलेल्या पाचांपैकी चार निर्णयांपुढे त्यात एकच शब्द होता, ‘वैतागलोय’. एक निर्णय मात्र नीट विचार करून घेतलेला, तरी आपटला. त्याच्यावर काट मारली नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा एक नोकरी चालून आली. रात्री वही उघडली, चौथ्या रकान्यात तोच शब्द उमटला, वही मिटून झोपलो. दोन दिवसांनी फोन करून विचारलं, या जागेवरचा आधीचा माणूस का गेला? पलीकडे जरा शांतता. मग उत्तर आलं, सरळ आणि फारसं गोड नसलेलं.

तरी होकार दिलाय. खात्री: ६० टक्के. मन: ठीक.