तुम्ही विचारलंत म्हणून : त्या संध्याकाळची पूजा

वडिलांना, अप्पांना समाधी देऊन आलात आणि त्याच संध्याकाळी पूजेला बसलात, मन तरी कसं झालं? नात्यातले विचारतात, शेजारचे विचारतात. परवा सोलापुरात बाळीवेशीत चहा पिताना एकाने पुन्हा काढलंच.

माझं उत्तर तयार असतं. आपल्या लिंगायतांत सुतक नाही, बाराव्या शतकातच बसवण्णांनी आणि त्यांच्या सोबतच्या शिवभक्तांनी, शरणांनी ते मोडीत काढलं. मग पूजा चुकवायची कशासाठी? हे खरंच आहे, आणि विचारणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. त्यांना धर्म विचारायचा नसतो. हा माणूस रडला का नाही, एवढंच हवं असतं.

तर ऐका. अप्पांना समाधीच्या खड्ड्यात बसवलं होतं, आपल्यात बसवूनच पुरतात. आमच्या पुरोहितांनी, जंगमस्वामींनी त्यांचं इष्टलिंग, म्हणजे जन्मभर अंगावर बाळगलेलं छोटं लिंग, डाव्या तळहातावर ठेवलं, पण मूठ काही मिटेना. मी खाली उतरून एकेक बोट वळवलं. अंगठा शेवटपर्यंत ताठच राहिला. मग बेल, भस्म, माती. घरी येऊन अंघोळ केली, आतल्या खोलीत जाऊन बसलो, माझं लिंग तळहातावर घेतलं. बाहेर बायका रडत होत्या. धाकटी बहीण दारात येऊन म्हणाली, “अण्णा, अव्वाजवळ बस की जरा.” अव्वा म्हणजे आमची आई. मी मान वर केली नाही. नजर लिंगावर होती आणि कान बाहेर, कुणी काही म्हणतंय का म्हणून. एक मावशी म्हणाल्याच, “केवढी निष्ठा बघा पोराची!” बरं वाटलं मला. इतकी वर्षं सुतकाचं सांगत आलो, हे कुणाला सांगितलं नव्हतं.

पण म्हणून सगळं ढोंग होतं म्हणाल, तर तेही मला मान्य नाही. नेम अप्पांनीच लावलेला. तापात चुकला नाही, गड्ड्याच्या जत्रेच्या धामधुमीत चुकला नाही. मन लागेल तेव्हाच बसायचं म्हटलं असतं, तर बसणं केव्हाच सुटलं असतं. तेव्हाचा मी म्हणतो, नेम होता म्हणून त्या दिवशी तग धरलास. आताचा मी विचारतो, तग धरलास की लपून बसलास? सिद्धरामांनी तळं खणलं, अडुसष्ट लिंगं स्थापली, तरी शरण अल्लमप्रभूंनी सोन्नलगीला, म्हणजे आपल्या सोलापूरला येऊन त्यांना या बाहेरच्या कामांवरून डिवचलंच, ही कथा आपल्याकडे कुणी ऐकलेली नाही? त्यांना हटकायला प्रभू आले. मला हटकायला बहीण आली होती.

हल्ली दार लावून बसतो. तर आता दार लावून बसतो याचंच कौतुक वाटायला लागलंय! त्याला काय करायचं, सांगा.

बहीण संक्रांतीला माहेरी आली की विषय निघतोच. “चुकलो म्हण,” म्हणते. अजून म्हटलेलं नाही. अव्वाजवळ बसायला हवं होतं, हे कबूल. पूजेला बसायला नको होतं, हे नाही.