बॅकअप पण त्याच बोर्डावर

लाईव्ह चालू असताना टीव्हीवरचं चित्र गेलं की घरातल्यांना वाटतं तिकडं काहीतरी मोठं मशीन जळलं असणार. मी बेळगावात एका लोकल केबल चॅनेलच्या कंट्रोल रूममध्ये बसतो, गणपती, शिवजयंतीचे चित्ररथ, निवडणुकीची मतमोजणी, अशी लाईव्हं करून करून केस पांढरे व्हायला आलेत, आणि खरं सांगायचं तर मशीन जळण्याचं प्रमाण फारच कमी. बहुतेक वेळा होतं काय की मेन लाईन असते, स्पेअर लाईन असते, दोन्ही पैसे मोजून घेतलेल्या, दोन्ही चालू कंडिशनमध्ये, आणि दोन्ही कुठंतरी कोपऱ्यात जाऊन एकाच जागी मिळालेल्या असतात. ती एक जागा गेली की दोन्ही गेल्या. मग मालक विचारतात, अरे बॅकअप होता ना? होता की.

आणि हे फक्त आपल्याकडच्या जुगाडू कारभारात होतं असं समजू नका. २५ जून २००८, युरो कपची सेमीफायनल, जर्मनी विरुद्ध तुर्कस्तान. मॅच स्वित्झर्लंडमध्ये, बासेलला. पण जगभरात जाणारं चित्र आधी जायचं ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या ब्रॉडकास्ट सेंटरला आणि तिथनं सगळ्या देशांना. त्या संध्याकाळी वादळ आलं ते व्हिएन्नात, वीज खेळ करायला लागली आणि सेकंड हाफमध्ये जगभरचे टीव्ही काळे. बासेलमध्ये मॅच मस्त चालू आहे, लाईट आहेत, कॅमेरे चालू आहेत, आणि सहाशेच्यावर किलोमीटर लांब पाऊस पडला म्हणून कुणालाच दिसत नाही. म्हणजे मॅच बेळगावच्या युनियन जिमखान्यावर आणि मुंबईत वीज कडाडली म्हणून बंद, असला प्रकार. ७९ व्या मिनिटाला क्लोजानं गोल मारला तो लाखो लोकांनी बघितलाच नाही. जर्मनी ३-२ नं जिंकली ती गोष्ट वेगळी. यात मला आवडलेला भाग म्हणजे स्विस टीव्हीवाले. त्यांचं चित्र थेट स्टेडियममधून येत होतं, व्हिएन्नाला वळसा घालून नाही, त्यामुळे त्यांचं चालूच राहिलं, आणि शेवटी जर्मनीच्या झेडडीएफ चॅनेलनं त्यांच्याकडनं चित्र घेऊन आपल्या लोकांना दाखवलं. एवढा मोठा कारभार, एवढे इंजिनियर, आणि वाचवलं कुणी तर शेजारच्यानं.

आता आमच्याकडचं सांगतो. बेळगावची विसर्जन मिरवणूक ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, ही संध्याकाळी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी शेवटचे गणपती कपिलेश्वर तलावापर्यंत पोचलेले नसतात. म्हणजे लाईव्ह पण तेवढंच. कॅमेरे गल्लीत नीट लागत नाहीत, गर्दीत ट्रायपॉड उभा राहत नाही, मग कुणाच्यातरी घराच्या गॅलरीत परवानगी घेऊन लावायचे. एका वर्षी एक पॉइंट असाच रस्त्यावरच्या जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर होता. घरातल्या काकू एकदम चांगल्या, पोरांना रात्रभर चहा, पोहे, वर उशी पण दिलेली. तिथं दोन एन्कोडर (कॅमेऱ्याचं चित्र लाईनवरनं पाठवण्याजोगं करणारी पेटी) होते, एक मेन, एक स्पेअर, दोन्हीची लाईन वेगळी, एकदम व्यवस्थित. फक्त दोन्हीचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात, कारण त्या खोलीत चालू सॉकेट एकच होतं. पहाटेची वेळ, मानाची मंडळं जाऊन मोठ्या मूर्ती यायला लागलेल्या, पब्लिक पेंगलेलं नाही उलट जास्तच पेटलेलं, आणि माझ्यासमोरच्या मॉनिटरवर त्या पॉइंटचं चित्र फ्रीझ झालं. ढोलवाल्याचा हात वर तो वरच. स्पेअरवर टाकलं, तिथं पण काळं. फोन लावला तर कॅमेरामन पोरगं म्हणतंय, ‘दादा करंट गेलाय.’ म्हटलं सगळ्या गल्लीचा? ‘नाही ओ, आमच्या खोलीतलाच.’ मागनं काकूंचा आवाज, ‘पाणी आलंय रे बाळा, मोटर लावली की मी.’

नळाला पाणी आलं, काकूंनी मोटर लावली, एमसीबी (लोड वाढला की वीज तोडणारा खटका) पडली. यात काकूंची चूक शून्य. पाणी कुठल्या दिवशी येतं ह्यावर अख्ख्या घराचं वेळापत्रक चालतं, तिथं गणपती पण थांबतात. पोरगं म्हणालं काकू जरा मोटर बंद करता काय, तर काकू म्हणाल्या, ‘टाकी भरू दे की गा, परत कवा येतंय पाणी.’ शेवटी समोरच्या घरातनं रस्त्यावरनं वर वायर टाकून करंट घेतला, तोवर दुसऱ्या कॅमेऱ्यावर भागवलं. आणि त्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर त्या वेळेला एका झाडाची फांदी आणि मूर्तीचा फक्त मुकुट दिसत होता. लोकांचे फोन सुरू. मराठीतनं, कन्नडमधनं, मिक्समधनं, सगळ्यांतनं शिव्या एकच.

मोबाईल नेटवर्कवरनं लाईव्ह करायची ती बाँडिंगची बॅग आली तेव्हा वाटलं सुटलो. तिच्यात चार-सहा सिमकार्डं बसतात, वेगवेगळ्या कंपन्यांची, एक कंपनी बसली तर दुसरी उचलते. कागदावर भारी. पण गर्दीत उभं राहून बघा. कंपन्या वेगवेगळ्या, टॉवर बऱ्याचदा एकच, एकाच लोखंडी खांबावर तिघांचे अँटेना लटकलेले असतात. आणि खाली हजारो पोरं एकाच वेळी राजाचा व्हिडिओ स्टेटसला टाकायला बसलेली. नेटवर्कला तुमची बॅग काय आणि त्या पोराचा मोबाईल काय, सगळे सारखेच. म्हणून आजपण मी म्हणतो की मिरवणुकीत शक्य असेल तिथं वायर टाका, बॅग फिरत्या कॅमेऱ्यासाठी ठेवा.

डिसेंबरात सुवर्णसौधला (कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत) अधिवेशन असलं की हलग्याजवळ चॅनेलवाल्यांच्या गाड्या लागतात, डोक्यावर डिश असलेल्या. एकदा एका गाडीतल्या टेक्निशियननं आत बोलवून सगळं दाखवलं. अ‍ॅम्प्लिफायर दोन, एक बसला तर आपोआप दुसऱ्यावर जातं. मॉड्युलेटर (चित्र रेडिओ लहरीवर चढवणारा) दोन. खाली जनरेटर, वर बॅटरी. मी म्हटलं आणि डिश? हसला. डिश एकच. वाऱ्यानं गाडी हलली किंवा कुणी टेकून उभं राहिलं की सॅटेलाइट सुटलं, मग आत किती पण डबल असू दे. म्हणून ती माणसं गाडीला कुणाला टेकू देत नाहीत, पोलीस असला तरी हाकलतात.

डिशवरनं आठवलं. दरवर्षी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि मग सप्टेंबर संपता संपता ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला आमच्या ऑफिसचा फोन दुपारी रोज ठराविक वेळेला वाजतो. चॅनेल गेलं, खरखर येतंय, चौकोन चौकोन दिसालेत. काही मिनिटांत परत येतं. दुसऱ्या दिवशी साधारण त्याच टायमाला परत जातं. हे आमचं पाप नाही, सूर्याचं आहे. त्या दिवसांत सूर्य बरोबर सॅटेलाइटच्या मागं येतो, डिश सॅटेलाइटकडं बघताना सरळ सूर्याकडंच बघते, आणि सूर्याचा रेडिओ आवाज एवढा दांडगा की सॅटेलाइटचा बारीक सिग्नल त्यात बुडून जातो. खरं वाटत नसेल तर त्या वेळेला गच्चीवर जाऊन आमची मोठी डिश बघा, समोर मध्ये लटकणाऱ्या एलएनबीची (सिग्नल पकडणाऱ्या डबीची) सावली बरोबर डिशच्या मध्यावर पडलेली असते. सावली सरकली की चॅनेल आलं. त्याच सॅटेलाइटवर दुसरी डिश लावून काही उपयोग नाही, दोघी एकदमच आंधळ्या होणार. उपाय म्हणजे तोच चॅनेल दुसऱ्या जागेवरच्या सॅटेलाइटवरनं किंवा फायबरवरनं घेणं.

(पावसाचं वेगळं. खानापूर, कणकुंबीकडं जुलैत ज्यांच्या घरावर छोटी डीटीएच छत्री आहे त्यांना माहितीये. ती केयू बँडवर, लहर अडीच-तीन सेंटिमीटरची, दाट पाऊस ती खाऊन टाकतो. आमच्या मोठ्या डिश सी बँडच्या, लहर सात सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे आम्ही त्या पावसात टिकतो. हा एकच मुद्दा आहे जिथं केबलवाला ताठ मानेनं बोलू शकतो, तेव्हा बोलू द्या.)

आणि सॅटेलाइटच गेला तर? ७ जुलै २०१० ला इन्सॅट-४बी ह्या भारतीय सॅटेलाइटच्या दोन सोलर पॅनेलपैकी एकाच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि अर्धे ट्रान्सपॉन्डर (सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारी यंत्रं) बंद करावे लागले. सन डायरेक्ट ह्या डीटीएच कंपनीचे चॅनेल त्याच्यावर होते, त्यांना दुसऱ्या सॅटेलाइटवर उठून जावं लागलं. आता उठून जावं लागलं हे लिहायला सोपं, पण दुसरं सॅटेलाइट म्हणजे आकाशातली दुसरी जागा, म्हणजे घराघरावरच्या छत्र्या फिरवायच्या. छत्रीला कुठं असतो बॅकअप.

मला सगळ्यात राग येतो तो संरक्षणासाठी लावलेल्या वस्तूनंच घात केला की. ३ फेब्रुवारी २०१३, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल, त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा सामना. सेकंड हाफ नुकता सुरू झालेला आणि अर्ध्या स्टेडियमचे दिवे गेले, खेळ ३४ मिनिटं बंद. सामना दाखवणाऱ्या सीबीएस चॅनेलचे काही कॅमेरे गेले, बॉक्समधल्या कॉमेंटेटरांचा आवाज गेला, मग मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या रिपोर्टरनं किल्ला लढवला. नंतर कारण काय निघालं तर एक रिले, म्हणजे आपोआप वीज तोडणारा स्विच, जो स्टेडियमची वीज जाऊ नये म्हणूनच मुद्दाम बसवलेला. दुसरं त्याहून भारी, २५ सप्टेंबर २०२१, लंडन. रेड बी म्हणून कंपनी आहे, चॅनेल ४ वगैरे ब्रिटिश चॅनेल तेव्हा तिथनं ऑन एअर जायचे. तिथं आग विझवायची गॅसची सिस्टीम सुटली. गॅस एवढ्या जोरात सुटला की नुसत्या आवाजाच्या दणक्यानं सर्व्हरच्या हार्ड डिस्का खराब झाल्या. चॅनेल बंद पडलं, परत आलं, पण बहिऱ्या लोकांसाठीच्या सबटायटलचं काम पार नोव्हेंबरपर्यंत रखडलं कारण त्याचा बॅकअप पण चालला नाही. चित्र गेलं की लगेच बोंब होते, सबटायटल गेली तर ज्याला लागतात त्यालाच कळतं, म्हणून असल्या गोष्टींचा बॅकअप कुणी कधी चालवून बघत नाही. आमच्याकडं पण तसंच, जनरेटर आहे म्हणतात, शेवटचा चालू कधी केला विचारलं की सगळे छताकडं बघतात.

नवीन पोरांना मी एक गोष्ट सारखी सांगतो ती म्हणजे चित्र सोडा, आधी आवाज वाचवा. चित्र गेलं आणि आवाज चालू असला तर माणूस टीव्हीपुढनं उठत नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ वाले चंद्रावर उतरले, ह्यावेळी रंगीत कॅमेरा, आणि अ‍ॅलन बीननं कॅमेरा स्टँडवर न्यायच्या गडबडीत तो सूर्याकडं केला, आतली ट्यूब जळाली. दुसरा तसा कॅमेरा नव्हता, दुकान पण नव्हतं. उरलेलं सगळं चंद्रावरचं चालणं लोकांनी नुसतं ऐकलं, आणि एनबीसी चॅनेलनं तर स्टुडिओत बाहुल्या नाचवून दाखवलं ते काय करत असतील. व्हिएन्नाच्या त्या वादळात पण जर्मन कॉमेंटेटर रेडिओसारखा बोलत राहिला आणि लोक बसून राहिले. आमच्या मिरवणुकीचे निवेदक गुरुजी ह्या बाबतीत सोनं आहेत. त्यांच्याजवळ माइक असतो आणि खिशात बटणांचा साधा मोबाईल, तो वेगळ्या लाईनवर थेट मिक्सरला जोडलेला. स्क्रीनवर झाडाची फांदी असली तरी ते सांगत राहतात, आता कुठलं मंडळ आलं, मूर्ती कुणी केली, ह्या मंडळाची सुरुवात कशी झाली. त्या पहाटे काकूंची टाकी भरेपर्यंत आम्हाला त्यांनीच तारलं.

एवढं सगळं कळून आमच्या मालकांनी गेल्या वर्षी फायबर डबल केली. चिकोडी बाजूकडनं येणारी एक लाईन, तिला जोड म्हणून दुसरी. मी विचारलं दुसरी कुठनं आणली? ‘त्याच खांबावरनं, खर्च वाचला की.’ नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले, उसानं लादलेला डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर आला, वरचा ऊस दोन्ही वायरीत अडकला आणि दोन्ही घेऊन तसाच पुढं गेला. ड्रायव्हरला कळलंच नाही, गाणी फुल्ल आवाजात. मग मात्र दुसरी लाईन रस्ता सोडून शेतातनं नेली, बांधावर नवीन खांब रोवून. आता ते शेतवाले काका म्हणालेत की खांबामुळं नांगर वळत नाही, काढा म्हणून, आणि अधिवेशनाच्या आत काढला नाही तर मी काढतो असा निरोप पण आलाय. उद्या मालक आणि मी जाणार आहोत बोलायला.