रेम्ब्रांटच्या गावात शहाजहान

सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट उभ्या आयुष्यात हॉलंड सोडून कुठे गेला नाही, तरी त्याने शहाजहान रेखाटलाय. मुघल लघुचित्रांवरून केलेली त्याची वीसहून अधिक रेखाटनं आज उपलब्ध आहेत. ती साधारण १६५६ ते १६६१ या काळातली, म्हणजे शहाजहान तेव्हा हयात होता! डच ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारामुळे अशी चित्रं अ‍ॅमस्टरडॅमपर्यंत पोचत. रेखाटनांचा कागद मात्र जपानी.

हे मला सांगितलं शेजारच्या निवृत्त शिक्षिकेने. तोवर आमचं बोलणं पाऊस आणि सायकली यांपुढे गेलं नव्हतं. मग एका रविवारी त्या मला अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयात घेऊन गेल्या.

रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्रापाशी ही गर्दी. आम्ही रमलो ते त्याच शतकातल्या फर्मीअर या डच चित्रकाराच्या दूधवालीपुढे. चित्र जेमतेम दीड फूट उंचीचं. भिंतीतला खिळा, उपटलेल्या खिळ्यांची भोकं, टेबलावर पावाचे तुकडे, आणि मागे जमिनीवर एक लाकडी पेटी. पेटीत निखाऱ्यांचं भांडं ठेवून वर पाय शेकायचे. “माझी आजी ही पेटी चर्चमध्ये न्यायची,” बाई म्हणाल्या. ती दूधवाली बहुधा शिळ्या पावाचं काहीतरी गोड करतेय, असं जाणकार मानतात. मी म्हटलं, आमच्याकडे शिळी भाकरी दुधात कुस्करून खातात. मग दोघींच्या आज्यांची स्वयंपाकघरं निघाली ती थांबेचनात.

आशियाई दालनात बाराव्या शतकातला चोळ नटराज आहे, ब्राँझचा, दीडेक मीटर उंच. “पायाखाली कोण आहे?” अपस्मार, अज्ञानाचं रूप, मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “तुला इथे नमस्कार करावासा वाटतो?” मी हात जोडलेच होते. अशा मूर्ती उत्सवात रेशमी वस्त्रं, हार घालून मिरवतात, अंग जवळजवळ झाकलेलं असतं. इथे काचेआड न ठेवता, पण फुलाविनाही, देव उभा. मला वाईट वाटलं, आणि दंडाचा डौल इतक्या जवळून पाहिल्याचा आनंदही झाला. दोन्ही त्यांना सांगितलं.

आता खास आपल्यासाठी. अ‍ॅमस्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सेन याच्याकडे भारतीय राजांच्या चित्रांचा अल्बम होता. १७व्या शतकाच्या अखेरीचा, गोवळकोंडा शैलीतला. त्यात शिवाजी महाराज आहेत! अल्बम याच संग्रहालयाचा. कागदावरची चित्रं उजेडाने फिकी पडतात, म्हणून ती नेहमी मांडलेली नसतात. पण संग्रहालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात.

कॅफेत बसून मी ते चित्र फोनवर दाखवलं. “हे कोण?” म्हटलं, तुमच्या रेम्ब्रांटने ज्याला रेखाटलं, त्या शहाजहानच्या मुलाला तुरी देऊन आग्र्याहून निसटलेला आमचा राजा. मिठाईच्या पेटाऱ्यांपर्यंत आले तेवढ्यात संग्रहालय बंद व्हायची सूचना झाली. उरलेली सुटका ट्राममध्ये पार पडली, आणि बाईंना लगेच पुढचं हवं होतं: राज्याभिषेक कधी झाला?