चुन्याच्या भिंतीवरची हळद

शाळेच्या मागच्या भिंतीला रविवारी चुना मारला होता आणि मंगळवारी, २४ जानेवारी २०२३ ला, मी तिसरी-चौथीची १९ पोरं हळदीच्या वाट्या घेऊन त्या भिंतीपुढं उभी केली. आता सांगताना चूक लगेच दिसते. तेव्हा दिसली नाही.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी, सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठची. पहिली-दुसरी सरांकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. सव्वीस जानेवारी जवळ आली की व्यवस्थापन समितीतले पालक एक रविवार काढून भिंतींना चुना मारून देतात. ड्रममध्ये चुन्याची कळी विरवायची, चिमूटभर नीळ टाकायची, कुंचा फिरवायचा. २०१९ च्या पुराची तपकिरी रेघ दरवर्षी त्या चुन्याखाली जाते आणि पावसाळा आला की पुन्हा वर येते.

कलेचा तास वेळापत्रकात शेवटचा असतो, म्हणजे बहुतेक वेळा नसतोच. कुठली तरी माहिती त्याच दिवशी पाचच्या आत ऑनलाइन भरायची असते, नाहीतर गणिताची चाचणी राहिलेली असते. तास झालाच तर "चित्र काढा" म्हटलं की १९ वह्यांत एकच चित्र येतं. दोन डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, खाली नदी, डावीकडं झोपडी, उजवीकडं नारळ. आमच्या गावातून एकही डोंगर दिसत नाही आणि नारळ आहे तो फक्त देवळामागं. पोरांचा दोष नाही. मीही लहानपणी हेच काढलं आणि शिक्षिका झाल्यावर फळ्यावरही हेच काढून दिलं. वर मूल्यमापनाच्या वहीत वर्णनात्मक नोंदी करायच्या. 'चित्रात योग्य रंग भरतो.' 'रंगसंगतीची जाण आहे.' या नोंदींची एक तयार यादी माझ्याकडं आहे, सगळ्याच शिक्षकांकडं असते, आणि ती आळीपाळीनं उतरवून काढता येते.

तेलखडूंच्या पेट्या दिवाळीतच संपल्या होत्या. म्हणून त्या आठवड्यात ठरवलं की रंग घरचे आणायचे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालू, त्यामुळं हळद तर ताटाताटानं निघालेली. शिवाय आमच्याकडं हळदीचं पीक. रानात पाला कापून ठेवलेला, एका-दोघांची काढणीही सुरू झालेली. सुमितनं ओल्या हळदीचे पाच-सहा गड्डे चिखलासकट पिशवीत आणले. किसून पिळले तर असा रस निघाला की माझी बोटं चार दिवस केशरी होती. कुणी काव आणली, कुणी कोळसा. सानिकानं दारातल्या जास्वंदीची फुलं आणली, ती चुरगाळून छान किरमिजी पाणी झालं. एकानं बाजारातलं बीट आणलं. डिंक भिजवलेला होता. बाभळीच्या काड्या एका टोकाला चावून पोरांनी आपापले ब्रश केले. यातच अर्धी दुपार गेली. निम्म्यांनी काड्या चावूनच खाल्ल्या.

सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मागच्या भिंतीवर करा, पुढं नको. उद्या केंद्रप्रमुख साहेब यायचेत." मागच्या भिंतीवर मी कोळशानं १९ चौकोन आखून दिले. एकच अट घातली, डोंगर नाही.

पहिली काडी सानिकानं टेकवली. तिनं सूर्य काढायचं ठरवलं होतं (डोंगर नको म्हटलं होतं, सूर्याचं मी काही बोलले नव्हते). हळदीच्या रसात काडी बुचकळून तिनं भिंतीवर गोल फिरवला. काडीवर पिवळा असलेला रस भिंतीला लागताच केशरी झाला, आणि तिनं गोल पुरा करेपर्यंत सुरुवातीचा भाग लाल झालेला. फिकट लाल नव्हे, कुंकवासारखा. तिनं काडी उलटून पाहिली. मग वाटीत पाहिलं. वाटीत पिवळंच.

"बाई, माझा सूर्य खराब झाला."

तोवर भिंतभर तेच चाललं होतं. सुमितचं पिवळं शेत लाल, कुणाची पिवळी साडी लाल. तिसरीतला सोहम ओरडला, "आरं, भिंतीतनं रगात आलं!" आणि निम्मी पोरं हसायला, निम्मी मागं सरकायला लागली. पलीकडं आणखी गंमत झाली होती. जास्वंदीच्या किरमिजी पाण्यानं आराध्यानं फुलं काढली होती, ती हिरवी पडली. पानं काढायची होती त्यांना रंग शोधत ती बसली होती आणि इकडं फुलंच हिरवी. बिटाचा लाल मळकट पिवळा झाला. काव आणि कोळसा तेवढे जागचे हलले नाहीत. एक माती, एक जळकं लाकूड, त्यांना चुन्याचं काय पडलंय?

सानिकानं ओलं फडकं आणून सूर्य पुसायला घेतला. पुसल्यावर लाल आणखी पसरला. मग ती रडायला लागली.

खरं सांगायचं तर साडीवर आमटीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, हे मी वीस वर्षं बघतेय. चुना साबणापेक्षा जास्त क्षारी. वरच्या वर्गाच्या विज्ञानात हळद आणि जास्वंद दोन्ही दर्शक म्हणून, म्हणजे आंबट की क्षारी ते रंग बदलून दाखवणारे म्हणून येतात, तेही मी शिकलेले. पण कलेच्या तासाला ते डोक्यात आलं नाही. आणखी एक चूक त्याहून मोठी. चुना दोनच दिवसांचा होता, आतून पुरता सुकलेला नव्हता, आणि पोरं काडी टाकून बोटांनी रंगवायला लागली होती. प्रणवच्या नखाजवळ चिरलेलं होतं, तिथं झोंबायला लागलं तेव्हा मला जाग आली. सगळ्यांना थांबवलं, हौदावर नेऊन हात धुवायला लावले, प्रणवच्या बोटाला भरपूर पाणी आणि मग खोबरेल. डोळ्याला हात लावलाय का, हे एकेकाला विचारलं. कुणी लावला नव्हता. त्या पाच मिनिटांत माझ्या पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. चुना डोळ्यात गेला तर काय होतं ते मला माहीत होतं, आणि पोरांना भिंतीपुढं उभं मीच केलं होतं.

त्यानंतर बोटं बंद, फक्त काडी. सानिका अजून मुसमुसत होती. मी खिचडीच्या खोलीत जाऊन मावशींकडून दोन लिंबं आणली, एक चिरलं आणि फोड तिच्या हातात दिली. "सूर्यावर टेकव."

तिनं टेकवली. लिंबाखाली बारीक फेस आला, आणि फोड उचलली तर लाल सूर्याच्या मध्यभागी रुपयाएवढा पिवळा ठिपका.

रडणं थांबलं. पुढचा अर्धा तास वर्ग माझ्या हातात नव्हता. दोन लिंबं आणि १९ पोरं, त्यामुळं आधी मारामारी, मग तीन-चार जण कुंपणावरून उड्या टाकून घरी पळाले आणि खिसे भरून लिंबं घेऊन आले. मी मोजली, अकरा होती. आता कुणाला पिवळं काढायचं नव्हतंच. आधी हळदीनं सगळा चौकोन माखायचा, लाल होऊ द्यायचा आणि त्यावर लिंबानं पिवळं चित्र काढायचं. म्हणजे रंग लावून नाही, काढून. सोहमनं लाल चौकोनात लिंबानं पावसाच्या रेघा ओढल्या. थोड्या वेळानं त्या रेघांच्या कडा परत लाल व्हायला लागल्या, आतला चुना वर येत होता, तर तो हातात फोड घेऊन भिंतीपुढं पहारा देत बसला. लाल चढला की परत लिंबू. "बाई, भिंत माझा पाऊस पितीया."

प्रणवनं, बोटाला खोबरेल लावून, सगळ्यात वेगळं काढलं. कावेनं एक मोठा घडा, तोंड अरुंद, पोट मोठं, आणि तो जमिनीच्या रेघेखाली. मी म्हटलं, "माठ आहे का?" "पेव हाय." सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती, पुढं २००५ च्या पुरात पाणी शिरलं. त्याचे आजोबा तिथं हमालीला जायचे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, आधी कंदील सोडून बघायचा, तो विझला तर आपणही विझतो, हे आजोबांनी त्याला सांगितलेलं. मग त्यानं दोरीला बांधलेला कंदील काढला. कंदिलाच्या ज्योतीपुरतं लिंबू टेकवलं. पेवातली बाकी हळद लाल.

या चित्राला 'योग्य रंग भरतो' लिहायचं की नाही, यावर मी त्या रात्री वही उघडून बराच वेळ बसले होते. सूर्य लाल, जास्वंद हिरवी. यादीतली एकही नोंद बसेना. शेवटी प्रणवच्या पानावर 'पेव काढले' एवढंच लिहिलं.

साडेचारला मावशी भांडी घासून बाहेर आल्या. भिंतीवर लाल ओघळ, खाली पिळलेल्या लिंबांच्या फोडींचा सडा, काळा कोळसा. त्या हौदापाशीच थांबल्या. "अगं बाई, उतारा टाकलाय का काय कुणी शाळेवर?" पोरं खो खो हसली. मग त्यांना कळलं की खिचडीच्या डब्यातली हळदही आम्ही संपवली आहे, आणि उतारा परवडला असता असं त्यांचं तोंड झालं. संध्याकाळी दोन आयांचे फोन आले. एकीची हळदीकुंकवाला काढून ठेवलेली हळद गेली होती. दुसरीचा प्रश्न होता, "बाई, कपड्यावरचं कशानं निघंल?" मी सांगितलं, साबण लावू नका, आधी उन्हात टाका. हळद उन्हाला टिकत नाही.

सरांना भिंतीवर पुन्हा चुना मारायचा होता, पण ड्रम रिकामा होता. दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख साहेब आले, मागं जाऊन पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, हे कुठल्या अध्ययन निष्पत्तीत बसतं?" मी म्हटलं, "परिसर अभ्यासात बसवते, सर." त्यांनी एक फोटो काढला, मुतारीच्या दुरुस्तीचं विचारलं आणि गेले.

सव्वीसला झेंडा झाल्यावर बाया भिंत बघायला मागं आल्या. आराध्याची पणजी काठी टेकत आली, लाल चौकोनाला नाक लावून वास घेतला. "हळद हाय की. आमची सासू घरी कुंकू करायची, हळकुंडाला टाकणखार नि लिंबू लावून. आता काय, केम गावचं पुडीतलं आणायचं."

सोहमनं लगेच हटकलं. "आजी, लिंबानं तर पिवळं हुतंय."

"टाकणखार कुठं घातलाईस तू?"

त्याच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं.

त्या भिंतीवर दुपारनंतरचं सगळं ऊन येतं. पंधरा दिवसांत लाल विटकरी झाला, मग मळकट, आणि शिमग्यापर्यंत सानिकाच्या सूर्याच्या जागी फक्त एक डाग उरला. कावेचं पेव राहिलं, आतून रिकामं. कोळशाचं एक कुत्रं राहिलं, ते कुणाचं होतं ते कुणीच कबूल केलं नाही.

पुढच्या वर्षी निधी मिळाला. जानेवारी २०२४ मध्ये भिंतींना चांगला ऑइलपेंट लागला, आकाशी, वर सुवाच्य अक्षरांत सुविचार. पुराची रेघही झाकली गेली. रंग वाळल्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सानिका आणि सोहम मागच्या कोपऱ्यात वाकून काहीतरी करताना दिसले. मी गेले तर सोहमच्या हातात ओल्या हळदीचा तुकडा, आणि सुविचाराच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, चार बोटं रुंद पिवळा पट्टा. दोघं त्याच्याकडं टक लावून उभी.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"घंटा झाल्यापासनं," सानिका म्हणाली. "हिला कायच हुईना, बाई."