आयर्विन पूल मी तीन दिवस बंद ठेवला

पावसाळ्यात सगळी सांगली ज्या पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची फुटं मोजते (४० इशारा, ४५ धोका), तो आयर्विन पूल मी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही दुरुस्त करता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर, तीन दिवस बंद करून ठेवला होता. पूल १९२९ सालचा. इतके पूर अंगावर घेतले, अडला तो माझ्या एका क्लिकनं.

पूल जड वाहनांना बंद आहे, पण नकाशात तशी नोंद नव्हती. मी उत्साहानं 'ॲक्सेस' (कुणाला जाता येतं) या टॅगपुढं, म्हणजे नोंदीच्या रकान्यापुढं, 'नो' लिहून मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी सायकलवाल्या मित्राचा फोन. "अरे, सांगलीवाडीला जायला तुझा नकाशा मला बायपासवरनं का फिरवतोय?"

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. 'ॲक्सेस'मध्ये सगळेच आले. मोटार, सायकल, गणपतीला पायी निघालेली आजीसुद्धा. मला हवा होता 'एचजीव्ही' टॅग, म्हणजे साडेतीन टनांवरची मालवाहू गाडी. त्यात नकाशातली रस्त्याची रेघ पुलापाशी तोडून वेगळी केलेलीच नव्हती, त्यामुळं अलीकडचा तुकडाही बंद झालेला.

चुकीचा टॅग लगेच काढला. नवा मात्र फलक डोळ्यांनी बघूनच लावायचा ठरवलं. दुसऱ्या कंपनीच्या नकाशातून उतरवून घेणं चालत नाही; परवान्याचा प्रश्न येतो, आणि त्यांची चूकही आपल्या घरी येते. फलकावर 'जड वाहनांस बंदी' एवढंच. किती टन, ते नाही. वजनाचा रकाना कोराच ठेवला.

खरी पंचाईत उसाच्या ट्रॅक्टरची. पुलाच्या तोंडाशी हवालदार उभे होते, त्यांना विचारलं.

"साहेब, ट्रॅक्टर जड वाहनात धरायचा का?"

"रिकामा असला तर न्हाई. मागं दोन ट्रॉल्या ऊस असला तर जडच की!"

उत्तर बिनतोड, पण टॅगला वाहनाचा प्रकार कळतो, ट्रॉलीत ऊस आहे की नाही ते कळत नाही. शेतीच्या वाहनांसाठी वेगळा टॅग आहे, तो लावला नाही. फलक ट्रॅक्टरबद्दल गप्प, तर मी कशाला बोलू? एसटीचंही तसंच, 'एचजीव्ही'त बस येत नाही. शेवटी पुलापुरती रेघ तोडली, 'एचजीव्ही'ला 'नो' दिलं, फलकाचा मजकूर टिपेत जसाच्या तसा उतरवला.

मित्राला कळवलं, आता जा बिनधास्त.

"त्याच दिवशी गेलो की, पुलावरनंच," तो म्हणाला. "नकाशाचं कोण ऐकतंय!"