खोकणाऱ्याचा मास्क

तोक्योच्या निशिकासाई भागात आम्ही राहतो आणि माझी मुलगी येथील सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत शिकते. वर्गात जेवण वाढण्याची पाळी आली की पांढरा झगा, टोपी आणि मास्क घालून ती आठवडाभर सोबत्यांना भात आणि सूप वाढते. शुक्रवारी झगा घरी येतो आणि सोमवारी धुऊन, इस्त्री करून पुढच्या मुलासाठी परत जातो. आपल्या तोंडातले दुसऱ्याच्या ताटात जाऊ नये यासाठी मास्क असतो, हे तिला पहिलीतच समजले होते.

मला ते समजायला एक हिवाळा लागला. येथे आल्यावर पहिल्याच थंडीत मी खोकत कार्यालयात गेलो, तेव्हा कोणी चकार शब्द काढला नाही. दुपारी शेजारच्या सहकाऱ्याने मास्कचे पाकीट हलकेच माझ्या टेबलावर ठेवले.

ही सवय करोनाने लावलेली नाही. आपल्याकडे जिला मानमोडी म्हणत, ती १९१८ची साथ जपानमध्येही पसरली, आणि मास्क न लावणारा म्हणजे जिवावर उदार झालेला माणूस, असे बजावणारी भित्तिचित्रे त्या काळात येथील गृहखात्याने लावली. पुढे युद्धानंतर लावलेल्या सुगी म्हणजे जपानी देवदार वृक्षांच्या परागांनी दर वसंतात लोकांना शिंकांनी बेजार केले, तेव्हा मास्क घरोघरी कायमचाच झाला.

त्यामुळेच करोनाच्या काळात मुंबईत विनामास्क फिरणाऱ्याला २०० रुपये दंड होत असताना येथे दंडाची तरतूदच नव्हती. सरकार विनंती करत होते आणि लोक ती पाळत होते. १३ मार्च २०२३ पासून मास्क ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोपवला गेला, तरी थंडीत लोकलच्या डब्यात आजही अनेक चेहरे झाकलेले दिसतात. लोकांच्या नजरेचा धाकही त्यामागे असेल, हे मी नाकारत नाही. पण खोकणाऱ्याने स्वतःहून तोंड झाकावे, ही रीत मला मनापासून पटली आहे.

मात्र ओठ पाहून बोलणे समजून घेणाऱ्यांची त्यात फार अडचण होते. गेल्या दिवाळीत साताऱ्याला पोहोचलो तो सर्दी घेऊनच. आजीला ऐकू कमी येते, म्हणून मी मास्क लावून तिचे पाय चेपत असे, आणि बोलायचे झाले की अंगणात जाऊन, मास्क उतरवून, खिडकीतून मोठ्याने बोलत असे.